नजरेचा धागा

शालनबाईंच्या हातची टिकली काळजात बसली की यमसुद्धा दाराबाहेर चपला काढून बसतो, असं येवल्यात म्हणायचे. लोकांना काय, जिभेला हाड नाही. कोणी सांगे, तिच्या टिकलीचा एक म्हातारा नव्वदाव्या वर्षी सायकल मारत वणीचा गड चढला. कोणी सांगे, एका नवरदेवाच्या छातीला नवरीनं कान लावला तर आत माग चालल्यासारखी खटखट ऐकू आली, आणि बिचारी पहिल्याच दिवशी माहेरी पळाली. शालनबाई हसून पदर तोंडाला लावायच्या. पुढं त्या खटखटीनंच त्यांच्या तोंडचं पाणी पळालं.

ही टिकली कपाळावरची नव्हे बरं का. आईच्या पोटात असताना प्रत्येक लेकराच्या हृदयात एक खिडकी असते, वरच्या दोन खोल्यांच्या मधल्या भिंतीत. पोटात श्वास घ्यायचा नसतो, म्हणून रक्त फुप्फुसाला वळसा घालून त्या खिडकीतून पलीकडे जातं. बाळ जन्मून रडलं की खिडकी मिटते. पण काहींच्या भिंतीत भोक राहूनच जातं. पूर्वी छाती फाडून टाके घालायचे. मग युक्ती निघाली. जांघेतल्या शिरेतून एक बारीक नळी वर हृदयापर्यंत सरकवायची, तिच्यातून मिटलेल्या छत्रीसारखी एक दुहेरी चकती न्यायची. अर्धी भोकाच्या पलीकडे उघडायची, अर्धी अलीकडे. भिंत मधे चिमटीत धरून चकती बसते, शर्टाच्या दुहेरी बटणासारखी. पण ती चकती तारेची. पोराचं हृदय वाढतं, तार कुठं वाढते?

दोन हजार एकोणचाळीस साली यावर तोड निघाली, रेशमाची चकती. रेशमातला डिंक उकळून काढला की शरीर त्याला परकं मानत नाही. त्या धाग्यांवर पेशंटच्याच रक्तातून वाढवलेल्या पेशी पेरायच्या. मुंग्या भिंतीवरून रांगेनं जातात ना, तशा या पेशी धाग्यावरून चालतात. जिकडं धागा, तिकडं मांस. सहाएक महिन्यांत रेशीम विरघळून जातं आणि भोकाच्या जागी आपलीच जिवंत भिंत उरते.

यंत्रांनी ती विणून पाहिली. यंत्राच्या विणीला उलट बाजू असते आणि उलट बाजूला टोकं लोंबतात. हृदयाच्या डाव्या खोलीत असल्या टोकावर रक्ताची गुठळी धरली की ती सरळ मेंदूत, आणि माणूस लुळा. तेव्हा कुणाला तरी आठवलं की पैठणीला उलट बाजूच नसते. पदरावरचा मोर पुढून जसा, तसाच मागून. झालं. येवल्यात कारखाना उभा राहिला, ऐंशी विणकर डोक्याला पांढऱ्या टोप्या आणि डोळ्याला भिंग लावून बसले आणि बोराएवढ्या चकत्या विणू लागले. 'सेप्टल ऑक्ल्युडर' हे नाव कुणाच्या जिभेवर बसेना. टिकली झालं तिचं.

शालनबाईंनी चार वर्षांत सहाशे बारा टिकल्या विणल्या. आणि सहाशे बाराही टिकल्यांत त्यांनी एक धागा चुकीचा घातला. मुद्दाम.

त्याचं असं होतं. लग्न होऊन त्या सासूच्या हाताखाली मागावर बसल्या, तेव्हा पहिलीच पैठणी इतकी सुबक उतरली की सासूनं कपाळाला हात लावला. "अगं भवाने, निर्दोष काम देवानं करावं. माणसानं केलं की नजर लागते. नेसणारीला लागते." आणि तिनं शिकवलं. कुठंतरी एक धागा आडवाटेनं न्यायचा, तिरपा, दुसऱ्या धाग्यांच्या अंगावरून. टोक आत दडवायचं. बघणाऱ्याला दिसत नाही, नजरेला मात्र तो अडतो. त्याला त्यांच्या घरात नजरेचा धागा म्हणायचे. साडीला जो नियम, तो लेकरांच्या काळजाला नको? तिथं तर आधी हवा! तपासणीचं यंत्र लोंबती टोकं शोधायचं, विणीतली सुटलेली घरं शोधायचं. नीट दडवलेल्या जास्तीच्या धाग्याबद्दल त्याला काही म्हणायचंच नव्हतं.

मग जुईची पाळी आली. जुई म्हणजे शालनबाईंची नात, त्यांच्या मुलाची, प्रसादची मुलगी, पाच वर्षांची, बोलायला लागली की रेडिओ बंद करावा लागे. शाळेच्या तपासणीत तिच्या हृदयात भोक निघालं. प्रसाद बातमी ऐकूनच मटकन खाली बसला. त्याला सुईचं नाव काढलं तरी घेरी येते. सून अश्विनी खंबीर. हायस्कुलात विज्ञान शिकवायची, घरात लिंबू-मिरची लावू द्यायची नाही.

"हिची टिकली मीच विणणार," शालनबाई म्हणाल्या.

"विणा ना. तुमच्यापेक्षा चांगली कोण विणणार, आई?" अश्विनी म्हणाली.

नऊ दिवस शालनबाई त्या टिकलीवर बसल्या. नेहमीचा एक नजरेचा धागा त्यांनी घातला. मग कारखान्यातल्या बाया येऊन बघू लागल्या. "काय नशीब काढलं पोरीनं! आजीच्या हातची टिकली!" ऐंशी जणांची ऐंशी तोंडं. शालनबाईंनी गुपचूप दुसरा धागा घातला. नवव्या दिवशी अश्विनी शाळा सुटल्यावर आली. भिंगाला डोळा लावला आणि बघतच राहिली. "आई, किती सुंदर आहे हो," ती म्हणाली. "माझी जुई आता ठणठणीत होणार."

शालनबाईंनी पटकन टिकलीवर तळहात आडवा धरला. जगाची नजर एकवेळ परवडली, पण सासू सांगायची, लेकराला सगळ्यात आधी लागते ती आईची. अश्विनीची पाठ वळताच त्यांनी तिसरा धागा घातला.

टिकली बसली. जुई चौथ्या दिवशी अंगणात लंगडी घालू लागली. पाच महिने कसे गेले कळलं नाही.

एका दुपारी जुई पळता पळता थांबली आणि पायरीवर बसली. ओठ निळसर झाले होते. "आजी," ती म्हणाली, "छातीत कोणीतरी खटखट करू राहिलं."

शालनबाईंनी तिच्या छातीवर हात ठेवला. आत ठोके नव्हते, नुसती फडफड होती, मुठीत चिमणी धरल्यासारखी. अश्विनीनं मनगट धरून घड्याळाकडं पाहिलं. एका मिनिटात दोनशे वीस.

नाशिकच्या इस्पितळात डॉक्टर पिंगळ्यांनी इंजेक्शन देऊन ती फडफड थांबवली आणि तिघांना पडद्यासमोर बसवलं. पडद्यावर जुईचं हृदय होतं. एक लाल उजेड वरून निघून खाली पसरत होता, पुन्हा निघत होता.

"ही हृदयातली वीज," डॉक्टर म्हणाले. "ठोका पडायच्या आधी ती वरून निघते आणि ठरलेल्या वाटेनं खाली जाते. आता इथं बघा, टिकलीपाशी. इथं मांसाची एक जास्तीची वाट तयार होतेय, तिरपी. वीज त्या वाटेनं मागं फिरते आणि पुन्हा पुन्हा चक्कर मारते. म्हणून दोनशे वीस."

"अशी वाट कशी तयार होईल?" अश्विनीनं विचारलं.

"तेच कळत नाहीये, मॅडम. आतापर्यंत एकतीस मुलांत दिसलं. आम्हाला पेशींवर संशय आहे. पण सगळ्यांत ती वाट त्याच कोनात तिरपी. आणि हिच्यात तर एकापेक्षा जास्त दिसताहेत."

तो कोन शालनबाई आंधळ्या झाल्या असत्या तरी त्यांनी ओळखला असता. चाळीस वर्षं बोटं त्याच कोनात वळत आली होती. जिकडं धागा, तिकडं मांस. सासूनं शिकवलेला धागा पडद्यावर लाल होऊन नातीच्या काळजात चक्कर मारत होता.

"काढता नाही का येणार?" प्रसादनं भिंतीला टेकून विचारलं.

"आता येईल. रेशीम अजून पूर्ण विरलेलं नाही, वाट कच्ची आहे. नळीतून कात्री नेऊन त्या वाटेखालचा धागा तोडला तर पुढं मांस धरणार नाही. पण नेमका कुठला धागा? जाळीत तीनशे धागे आहेत. चुकीचा तोडला तर भोक उघडेल. आणि आणखी पंधरा-वीस दिवसांनी वाट पक्की झाली की..." डॉक्टरांनी चष्मा काढून पुसला. "तोवर औषधं देऊ. पळू देऊ नका. रडू देऊ नका."

पाच वर्षांच्या पोरीला रडू द्यायचं नाही म्हणे.

दुसऱ्या दिवशी सकाळीच शालनबाई कारखान्यात गेल्या. तपासनीस खालिदभाई टेबलाशी एकटाच होता. तरुणपणी दोघांचे माग शेजारी शेजारी होते. त्यांनी उभ्या उभ्याच सगळं सांगितलं.

खालिदभाईनं दार लावलं. "आणखी कोणाला सांगितलंस?"

"अजून नाही."

"मग सांगू नकोस. ऐंशी माग आहेत, शालनबाई. उद्या छापून येईल, येवल्याच्या बायांनी पोरांच्या दिलात जादूटोणा विणला. कोण हात लावील मग आपल्या टिकलीला? जी पोरं टिकलीची वाट बघू राहिली, त्यांची छाती परत फाडणार."

"आणि जुई?"

तो टेबलावरचं भिंग पुसू लागला.

"खालिदभाई, तुम्ही तर भिंगातून धाग्याचा घाम बघता. चार वर्षांत तुम्हाला तो धागा दिसला नाही?"

खालिदभाईनं डोक्यावरची टोपी काढली. डोकं पार पांढरं झालं होतं, ते शालनबाईंना त्या दिवशीच दिसलं.

"पहिल्याच टिकलीत दिसला," तो म्हणाला. "मी पास केला. माझे अब्बाजान पण घालायचे, थोडा निराळा. मला वाटलं, चांगलंच आहे. यंत्राला काय कळतंय नजर." त्यानं टोपी टेबलावर ठेवली. "सहाशे बारा वेळा पास केला मी. तू एकटी नाहीस."

शालनबाई त्याच्या समोरच्या स्टुलावर बसल्या. बाहेर पाळी सुरू झाल्याची घंटा वाजली. शालनबाई उठल्या तेव्हा खालिदभाईनं त्यांना अडवलं नाही. उलट दार त्यानंच उघडलं.

अश्विनी ओट्याशी भाकरी थापत होती. आतल्या खोलीत जुई चित्र काढत बसली होती. पळायचं नाही, म्हणून बसली होती. शालनबाईंनी दार ओढून घेतलं आणि एका दमात सांगून टाकलं. सासू, पैठणी, नजर, टिकली.

अश्विनीचे हात पिठातच थांबले. तव्यावरची भाकरी जळू लागली तरी तिला कळेना.

"काय बोलू राहिल्या तुम्ही, आई?"

"खरं बोलू राहिले."

"ती माझी पोरगी आहे. तिच्या काळजात तुम्ही... साडीसारखं?"

"तिच्या भल्यासाठीच गं..."

"किती?" अश्विनीनं विचारलं. आवाज चढला नव्हता. चढला असता तर बरं झालं असतं. "किती धागे?"

शालनबाईंच्या ओठावर तीन आलं. पण तिसरा का घातला, हे ही बाई आता विचारणार. तुझ्या नजरेसाठी घातला, पोरी. तू तिची आई आहेस म्हणून घातला. हे कुठल्या तोंडानं सांगायचं?

"दोन," शालनबाई म्हणाल्या.

अश्विनीनं हात धुतले, गॅस बंद केला आणि डॉक्टरांना फोन लावला.

चार दिवसांनी जुईला नाशिकला टेबलावर घेतलं. गुंगीत ती इतकी लहान दिसत होती की चादरीखाली कोणी आहे की नाही कळेना. काचेच्या पलीकडं डॉक्टर, अलीकडं पडद्यासमोर शालनबाई, हातात माइक. प्रसाद खाली चहाच्या टपरीपाशी होता. अश्विनीला बाहेर थांबा म्हणाले होते. ती म्हणाली, "मी इथंच बसणार," आणि शालनबाईंच्या शेजारी खुर्ची ओढून बसली. गेल्या चार दिवसांत ती सासूशी कामापुरतंसुद्धा बोलली नव्हती.

नळी वर सरकली. तिच्या टोकाला आवाजाच्या लहरींनी बघणारा एक डोळा होता आणि मोहरीएवढी कात्री. तो डोळा अगदी जवळ गेला तरच धागे दिसत, तेसुद्धा धुक्यातल्या तारांसारखे, एका वेळी चार-पाच. ज्याला वाट माहीत नाही त्यानं वर्षभर शोधलं असतं.

डॉक्टरांनी मुद्दाम ती फडफड सुरू केली, म्हणजे वाट तुटली की कळावं. काचेच्या खोलीत जुईचे ठोके घुमू लागले. टकटकटकटक.

"बोला, आजी."

शालनबाईंनी डोळे मिटले. बोटं हवेत हलू लागली. मागावर बसल्यासारखीच त्या बसल्या. "कमरेपासून सुरू करा, दोन चकत्यांच्या मधल्या बारीक भागापासून. उजवीकडं मोजा. सात उभे सोडा. आठव्याच्या खालून एक तिरपा निघेल."

"दिसला."

"दोनांवरून जाईल, तिसऱ्याखाली बुडेल. बुडायच्या आधी तोडा."

कट. पडद्यावरची लाल चक्कर जरा मंदावली. टकटक, टकटक.

"दुसरा?"

"त्याच्या समोर. आरशात बघितल्यासारखा. पाच सोडा. हा वरून निघतो."

शोधायला वेळ लागला. एकदा कात्री भलत्याच धाग्याला टेकली आणि शालनबाई माइकमधे ओरडल्या, "तो नाही! तो भिंतीचा आहे!" डॉक्टरांचा हात जागच्या जागी थिजला. मग हळूच सरकला. कट.

खोलीतले सगळे पडद्याकडं बघत राहिले. लाल उजेड खाली गेला, रेंगाळला आणि पुन्हा मागं वळला. टकटक, टकटक. एकशे सत्तर.

"झाले ना दोन?" डॉक्टरांचा आवाज आला. "मग ही कुठून फिरतेय? आजी, वाट पक्की झाली असेल तर मला थांबावं लागेल. उगाच आत राहण्यात धोका आहे."

शेजारी अश्विनी खुर्चीच्या कडेवर आली होती. तिचा श्वास शालनबाईंना कानापाशी ऐकू येत होता.

"आजी? नळी बाहेर घेऊ?"

एकशे ऐंशी. एकशे नव्वद.

"थांबा," शालनबाई म्हणाल्या. माइकवरचं बटण दाबलेलं होतं, तेव्हा आतल्या सगळ्यांनी ऐकलं. "तिसरा आहे."

अश्विनीची मान वळली.

"तुम्ही दोन म्हणाला होतात," ती म्हणाली.

"तिसरा तू येऊन बघून गेलीस, त्यानंतर घातला." शालनबाईंनी तिच्याकडं पाहिलं नाही, पडद्याकडंच पाहिलं. "तू सुंदर म्हणालीस ना गं. आईची नजर लागते. तुझ्यासाठी घातला तो." आणि मग तशाच आवाजात, जरा मोठ्यानं, "डॉक्टर, डावीकडच्या चकतीवर जा. घाईत घातलाय, म्हणून खोल नाही. काठापासून तीन घरं आत. दोन धागे एकत्र चालल्यासारखे दिसतील. त्यातला वरचा."

"डाव्या बाजूला? तिथं चुकलं तर..."

"वरचा. माझी बोटं आहेत ती. वरचाच."

कात्री गेली. धुक्यात दोन तारा दिसल्या, एकमेकींना चिकटलेल्या. मोहरीएवढं तोंड उघडलं. मिटलं.

टकटक थांबली.

पडद्यावर एक सरळ रेघ निघाली आणि पुढं पुढं जात राहिली. एक. कोणी हललं नाही. दोन. आत नर्सचा हात उठला आणि हवेतच राहिला. तीन. शालनबाईंना सासूचा चेहरा आठवला आणि आयुष्यात पहिल्यांदा त्यांनी मनातल्या मनात तिला शिवी दिली. चार.

धक.

मग पुन्हा, धक. सावकाश, अंतर राखून. लाल उजेड वरून निघाला, खाली गेला आणि परत आला नाही.

डॉक्टरांनी बाहेर येऊन मास्क काढला. शर्ट पाठीला चिकटला होता. "सोमवारपासून बाकीच्या मुलांना बोलावतोय," ते म्हणाले. "एकेकाच्या धाग्याची वाट तुम्हाला सांगावी लागेल, आजी. ज्यांचं रेशीम अजून आहे त्यांची."

"आणि ज्यांचं विरून गेलं त्यांची?"

डॉक्टर बराच वेळ हात पुसत राहिले.

दुपारी जुईला खोलीत आणलं. खिडकीतून ऊन पलंगावर आलं होतं. पोरगी डोळे किलकिले करून इकडंतिकडं बघायला लागली.

"मम्मी कुठंय?"

शालनबाईंनी मागं पाहिलं. अश्विनी आत आलेली होती, पण दाराशी भिंतीकडं तोंड करून उभी होती. हायस्कुलात विज्ञान शिकवणारी, लिंबू-मिरची फेकून देणारी अश्विनी. खांदे आवळलेले, हात छातीशी घट्ट.

"अगं, बोलावू राहिली ती तुला. ये की."

"तुम्ही बघा तिच्याकडं, आई."

"अश्विनी..."

"मला माहितीये असं काही नसतं. नजर वगैरे. मला माहितीये ते." ती भिंतीशीच बोलत होती. "तरी माझ्यानं नाही बघवत. मघाशी एकदा बघितलं आणि वाटलं, किती छान दिसतेय. आणि लगेच..."

शालनबाई उठल्या. त्यांनी तिचं मनगट धरलं, ओढत पलंगापाशी आणलं, हनुवटी धरून तोंड जुईकडं वळवलं. "बघ. मी खोटं शिकले, खोटं विणलं. माझी चूक. तू बघ तिच्याकडं. डोळे भरून बघ."

अश्विनीनं डोळे गच्च मिटले होते. मिटलेल्या पापण्यांतून पाणी गालावर येत होतं.

"आधी सांगा," ती म्हणाली. "ठोके बरोबर पडताहेत का?"

शालनबाईंनी जुईच्या छातीवर तळहात ठेवला आणि मोठ्यानं मोजायला सुरुवात केली. एक. दोन. तीन.

"आजी, मोजू नको ना," जुई खुदखुदली. "गुदगुल्या होतात."

साठ झाले, ऐंशी झाले. शालनबाई मोजत राहिल्या. शंभर झाले. एकशे एक. एकशे दोन. ठोके एकसारखे पडत होते, आणि अश्विनीचे डोळे काही उघडत नव्हते.